ब्रेक दाबला, तरी गाडी पळाली कशी?

वाशीम जिल्ह्यातील तुमच्यापैकी अनेकांनी समृद्धी महामार्ग पाहिला असेल. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव येथे त्यावरून खाली उतरता येते. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरांपर्यंत जाण्याची मुभा आहे.

मोटार चालविणाऱ्यांकडून कधी कधी एक विलक्षण तक्रार ऐकू येते : "मी ब्रेकच दाबला होता हो, पण गाडी थांबायच्या ऐवजी पुढेच उसळली!" ऐकणारा बहुधा हसतो. आपण हसण्यापूर्वी थोडे गणित करू.

समजा, माणसांसह १००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर, या वेगाने चालली आहे. चांगले ब्रेक कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करतात. त्यासाठी ७००० न्यूटन बल लागते. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. ती येथे सुमारे २३० किलोवॅट भरते. अशा लहान मोटारीचे इंजिन मात्र फार तर ६० किलोवॅट, म्हणजे ८० अश्वशक्तीचे असते. ब्रेक आणि इंजिन यांच्या रस्सीखेचीत ब्रेकच जिंकायला हवेत.

मग त्या तक्रारीचे काय? १९८६ साली अमेरिकेत ऑडी कंपनीच्या एका मोटारीबद्दल अशाच तक्रारींचा गाजावाजा झाला. सरकारी तपासणीचा अहवाल १९८९ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा की, बहुतेक वेळी पाय ब्रेकवर नव्हताच. तो ॲक्सिलरेटरवर पडला होता. पायाला पट्टी दिसत नाही, तो सवयीने ती शोधतो. गाडी पुढे सरकली की घाबरलेला चालक 'ब्रेक' आणखी जोराने दाबतो आणि गाडी आणखी पळते. त्याला मनापासून वाटते की आपण ब्रेकच दाबला. तो खोटे बोलत नसतो, हे लक्षात ठेवा. यावर उपायही सोपा निघाला. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत ब्रेक दाबल्याखेरीज गिअरचा दांडा 'पार्क'मधून हलूच नये, अशी कडी बसविण्यात आली.

परंतु प्रत्येक वेळी दोष पायाच्या माथी मारणे बरोबर नाही. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटा कंपनीच्या एका मोटारीत पायाखालचे जाडजूड पायपुसणे सरकून ॲक्सिलरेटर त्यात अडकला. चार माणसे दगावली. त्या गाडीचे ब्रेक जळून गेलेले आढळले, म्हणजे ते दाबले गेले होते! मग ब्रेक हरले कसे?

येथे एक गंमतीचे यंत्र आड येते. मोटारीचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोराने लागत नाही. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते, तेव्हा हवेच्या वाटेवरील झडप जवळजवळ मिटलेली असेल तर तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो. या अर्धवट निर्वाताची नळी एका पत्र्याच्या डब्याला जोडलेली असते. डब्यातील पडद्याच्या एका बाजूस निर्वात, दुसऱ्या बाजूस बाहेरच्या हवेचा दाब. हा दाब आपल्या पायाला मदत करतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना झडप सताड उघडी असते आणि निर्वात नाहीसा होतो. डब्यात फक्त एकदोन वेळा पुरेल इतकी शिल्लक उरते. घाबरून ब्रेक दाब-सोड, दाब-सोड केले की तीही संपते. मग दगडासारखा टणक झालेला ब्रेक कितीही दाबा, गाडी मंदावते पण थांबत नाही. घर्षणाने ब्रेक तापतात आणि त्यांची पकड आणखी ढिली होते. (डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर अशी झडप आडवी नसते, म्हणून तेथे निर्वातासाठी निराळा पंप लागतो.)

म्हणून अशा वेळी ब्रेक एकदाच, सारे बळ लावून दाबून ठेवायचा आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. चाकांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. धावत्या गाडीची किल्ली काढून घेणे मात्र घातक, कारण त्याने स्टिअरिंग अडकू शकते.

इलेक्ट्रॉनिक बिघाडाची शंकाही तेव्हा घेतली गेली. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या अभियंत्यांना त्या तपासणीत तसा पुरावा सापडला नाही, असे २०११ च्या अहवालात म्हटले आहे. तरी सुरक्षेबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

वेग आवरण्याचे काम यंत्रावर सोपविणे जुनेच. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसविला. शेतातील डिझेल पंपाच्या इंजिनावरही गव्हर्नर असतो. पंपाचे पाणी तुटून भार एकदम उतरला की तोच डिझेल कमी करतो, नाहीतर इंजिन भलतेच पळेल. मोटारीचा वेग कायम राखणारे क्रूझ कंट्रोल राल्फ टीटर या अंध अमेरिकन अभियंत्याने शोधले आणि ते १९५८ मध्ये मोटारींत आले. भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारी ताशी ८० च्या वर गेल्या की सूचना देतात आणि १२० च्या वर सतत वाजत राहतात.

वाजणारी सूचना कान ऐकतो, पण डोळे वेगळेच सांगतात. तासभर १२० ने आलेल्या चालकाला कारंजाच्या फाट्यावर ६० चा वेग रांगल्यासारखा वाटतो. काट्याकडे न पाहता तो वळणावर शिरतो. आता हिशेब पाहा. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ६० च्या वेगाला थांबायला एकूण सुमारे ४५ मीटर लागतात आणि १२० च्या वेगाला १३० मीटर. यातले पाय उचलण्याचे अंतर वेगाच्या दुपटीला दुप्पटच होते, पण ब्रेकचे अंतर चौपट, २० वरून ८० मीटरांच्या घरात जाते.

खात्री करायची आहे? शाळेच्या मोकळ्या मैदानावर १० मीटर अंतराच्या दोन रेघा आखा. सायकलवरून हे अंतर एकदा ४ सेकंदांत आणि एकदा २ सेकंदांत पार करा. दुसऱ्या रेघेवर पॅडल थांबवून फक्त मागचा ब्रेक दाबा आणि रेघेपासून सायकल थांबली तेथपर्यंत टेपने मोजा. प्रत्येक वेगाला पाच वेळा मोजून सरासरी काढा. नंतर मैदानावर पाणी शिंपडून तोच प्रयोग हळू वेगानेच करा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.