घाटातला खेकडा

वैजापूरकरांचे रेल्वे स्थानक म्हणजे रोटेगाव. तेथून मुंबईस निघालेली गाडी मनमाड व नाशिक मागे टाकून इगतपुरीस पोहोचते आणि मग थळ घाट उतरू लागते. या घाटात सदतीस फूट पुढे जावे तेव्हा वाट एक फूट वर चढते, इतका चढ आहे. वळणेही पुष्कळ. अशा वाटेने जड मालगाडी कसाऱ्याहून वर ओढावयाची, तर इंजिनास बळ हवे आणि अंग वळविण्याची कलाही हवी. या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. बळासाठी चाके वाढवावीत, तर इंजिन लांब होते. आणि लांब बांबू बोळाच्या कोपऱ्यावर अडतो, तसे ते वळणावर अडते.

१९२८ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने यावर तोड म्हणून एक विलक्षण विजेचे इंजिन आणले. त्याचे अंग तीन भागांचे होते. मध्ये चालकाची खोली आणि तिच्या पुढे व मागे एकेक लांब, बुटके नाक. प्रत्येक नाक सहा चाकांच्या स्वतंत्र गाड्यावर बसविलेले असे. वळण आले, की गाडा वळे आणि त्याबरोबर नाकही वळे. सहा चाके म्हणजे तीन आस. म्हणून इंग्रजी वर्णमालेतील तिसरे अक्षर घेऊन या रचनेस 'सी-सी' म्हणतात.

त्या काळच्या मोटारी मोठ्या. त्या चाकांमध्ये मावत नसत. म्हणून प्रत्येक नाकात दोन मोटारी ठेवून त्यांची शक्ती पोलादी दांड्यांनी चाकांना दिली होती. याच दांड्यांनी तिन्ही आस एकमेकांस जखडलेले असत. एखादे चाक ओल्या रुळावर घसरू लागले, तरी त्यास एकट्याने गरगर फिरता येत नसे. इतर चाके त्यास आवरून धरीत. चार मोटारींची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती.

अशाच घाटाची इंजिने स्वित्झर्लंडमध्ये आधीपासून धावत होती. तेथील लोक त्यांना 'मगर' म्हणत. त्या देशाच्या नद्यांत मगर नाही, ही गोष्ट निराळी! आपल्याकडे नाव पडले 'खेकडा'. मला तर हेच नाव अधिक नेमके वाटते. मगरीत नुसता आकार आला. खेकड्यात त्या दांड्यांची लगबगही आली.

मात्र हे दांडे खडखडत, त्यांना वारंवार वंगण द्यावे लागे आणि फार वेगही साधत नसे. पुढे मोटारी लहान झाल्या, प्रत्येक आसास आपली मोटार मिळाली आणि दांड्यांची गरज सरली. अशी एकूण ४१ इंजिने होती. त्यांपैकी 'सर लेस्ली विल्सन' हे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, तर एक मुंबईस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभे आहे. तेथे गेल्यास इंजिनाच्या समोर न थांबता बाजूस जावे व किंचित वाकून पाहावे. चाकांना जखडणारे ते दांडे तेथूनच नीट दिसतात.