भाद्रपदाआधी माणसं नेमा

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि बऱ्याच वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर सभागृहं पुन्हा भरली. आमच्या भागातल्या नव्या नगरसेविका अधूनमधून घरी येतात. "ताई, आरोग्य समिती मागू का?" असं विचारतात. जरूर मागा, असं मी सांगते. मग चहा होईपर्यंत माझी एक चूक त्यांना सांगते. सांगताना आजही जड जातं, पण न सांगून कुणाचं भलं होणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

२०१६ च्या निवडणुकीत मी पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे आरोग्य समितीची सभापती झाले. गाव तालुक्याचं, वस्ती पन्नास हजारांच्या आतबाहेर. अंदाजपत्रकात 'मोकाट कुत्री बंदोबस्त' या शीर्षाखाली सहा लाखांची तरतूद असायची. त्यात मानधनावर नेमलेले एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, रोजंदारीवरची कुत्री पकडणारी दोन माणसं, एका जुन्या टेम्पोचं डिझेल आणि शस्त्रक्रियेचं साहित्य एवढं भागायचं. काम संथ चालायचं, पण चालायचं.

त्या वर्षी माझ्या प्रभागातल्या दोन गल्ल्यांना पेव्हर ब्लॉक हवे होते. पैसे कुठून काढायचे, याचा शोध घेताना माझं बोट त्या सहा लाखांवर थांबलं. चार लाख कमी करण्याची सूचना मी मांडली. शेजारच्या सदस्यानं अनुमोदन दिलं आणि दोन मिनिटांत विषय मंजूर झाला. सभागृहात कुणी एक प्रश्न विचारला नाही, मीही स्वतःला विचारला नाही. पर्यवेक्षकांची मुदतवाढ थांबली, पकडणाऱ्या दोघांना 'काम नाही' असं सांगण्यात आलं आणि विभाग कागदावर स्वच्छता निरीक्षकांच्या अतिरिक्त कार्यभारात गेला.

कापलं ते नुसतं मानधन नव्हतं

त्या दोघांपैकी थोरल्याला सगळे मामा म्हणायचे. त्यांचं काम मी नंतर मुद्दाम आठवून पाहिलं. पहाटे गल्लीच्या तोंडाशी ते उकिडवे बसत. कुत्र्याकडे न पाहता भाकरीचे तुकडे टाकत राहत आणि जनावर जवळ येऊन निवांत झालं की हातजाळी एका झटक्यात त्याच्यावर पडे. आरडाओरडा नाही, काठी नाही. "ही सोमवार पेठेतली, हिचं गेल्या साली केलंय. तिची बहीण राहिलीय, ती मटण मार्केटमागं असती," असं ते सहज सांगत. गावातल्या कुत्र्यांची ही नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती, मामांच्या डोक्यात होती. ते पुढे साखर कारखान्यावर पहारेकरी म्हणून लागले आणि ती माहिती त्यांच्याबरोबर गेली. पुढच्या वर्षी तरतूद वाढवून दिली तरी ती परत मिळाली नाही.

तक्रारी वाढल्या तेव्हा गटारसफाईच्या कामगारांना फास देऊन पाठवण्यात आलं. त्यांना प्रशिक्षण नव्हतं, हातमोजे नव्हते, रेबीजची आगाऊ लसही दिलेली नव्हती. तिसऱ्याच दिवशी एकाच्या मनगटाचा लचका तुटला. त्यानंतर कुणीही जायला तयार होईना आणि त्यांचं बरोबरच होतं. ज्या कामासाठी आम्ही त्यांना तयार केलं नव्हतं, ते त्यांच्या गळ्यात घालणं हा अन्याय होता. त्याची सुरुवात माझ्या सूचनेपासून झाली होती.

मग निविदा निघाली. फेब्रुवारीत अंदाजपत्रक, पावसाळ्यात मंजुरी, दिवाळीनंतर निविदा आणि जानेवारीत ठेकेदाराची गाडी, असा तो प्रवास. आपल्याकडे गल्लीतल्या बहुतेक कुत्र्या भाद्रपदाच्या सुमाराला माजावर येतात हे आजीलाही ठाऊक असतं. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं. जानेवारीत गाडी आली तेव्हा गावातल्या माद्या अंगावर पाजत होत्या. पाजत्या मादीची शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणून हाताला लागतील ते नर पकडले गेले आणि संख्या भरली. त्यातली बरीच कुत्री रात्री दुसऱ्याच पेठेत सोडली गेली. परक्या हद्दीत टाकलेलं कुत्रं घाबरतं, तिथल्या टोळीशी भांडतं आणि अंगावर येतं. मार्चअखेर देयक निघालं. माद्या होत्या तशाच राहिल्या.

त्याच उन्हाळ्यात माझ्या प्रभागातल्या आठ वर्षांच्या एका मुलाला दुकानातून दूध घेऊन येताना कुत्रं चावलं. गालावर खोल जखम होती. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस मिळाली, पण जखमेत द्यायचं सिरम नव्हतं. वडिलांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून चाळीस किलोमीटर दूर जिल्ह्याला नेलं. मी मागून गाडीनं पोहोचले. सिरम वेळेत मिळालं, मुलगा वाचला, आज तो कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. पण दवाखान्याच्या बाकावर त्याच्या आईनं मला एवढंच विचारलं, "ताई, ती कुत्र्यांची गाडी यायची ना आपल्याकडं, ती बंद का झाली?" रागानं नव्हे, माहिती म्हणून विचारलं. मी तिला खरं उत्तर त्या दिवशी दिलं नाही. दोन महिन्यांनी घरी जाऊन दिलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी या एका विषयामागे लागले. एका निवृत्त पशुवैद्यांनी हाताला धरून शिकवलं. जे शिकले ते पुढे देते.

आधी मोजणी करा

मोजल्याशिवाय पैसे मागू नका. पहाटे साडेपाचला, वर्दळ सुरू होण्याआधी, प्रत्येक प्रभागात दोन माणसं वही घेऊन फिरवा. नर, मादी, पिल्लं आणि कानाला खाच असलेली अशा चार रकान्यांत नोंद करा. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात, त्यामुळे किती काम झालं आहे हे रस्त्यावरच दिसतं. आम्ही ही मोजणी केली तेव्हा कागदावरची संख्या आणि कानावरची खाच यांत मोठी तफावत निघाली.

खर्चाचा हिशेब पिंजऱ्यांवरून मांडा

शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवावं लागतं. आधीचा उपाशी ठेवण्याचा एक दिवस धरला तर एका पिंजऱ्यात एक कुत्रं पाच दिवस राहतं. म्हणजे एका पिंजऱ्यातून महिन्याला सहा कुत्री. वीस पिंजरे असतील तर १२०, त्यातून धुणं-निर्जंतुक करणं आणि आजारी जनावरं वजा जाता शंभर धरा. गावात दोन हजार कुत्री असतील आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत पोहोचायचं असेल तर १,४०० शस्त्रक्रिया लागतात, म्हणजे सलग चौदा महिने. दोन महिन्यांच्या 'मोहिमे'तून हे होणार नाही, हे या साध्या गुणाकारातून सभागृहाला पटतं. आमच्या सभेत मी हेच फळ्यावर लिहून दाखवलं आणि पहिल्यांदाच त्या विषयावर अर्धा तास चर्चा झाली.

७० टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेबरोबर लसही टोचतात, आणि रेबीजची साखळी तोडायची तर किमान एवढ्या कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वीस-तीस टक्के काम करून थांबलात तर उरलेल्या माद्या दोन-तीन हंगामांत संख्या पुन्हा तिथेच आणून ठेवतात आणि आधी खर्च केलेला पैसाही पाण्यात जातो.

एकट्या गावाला केंद्र परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन नगरपरिषदांशी बोला. शस्त्रक्रियागृह, पशुवैद्यक आणि पिंजरे सामाईक ठेवता येतात. पकडणारी माणसं मात्र आपापल्या गावचीच हवीत.

पदं आधी, गाडी नंतर

नव्या गाडीच्या पूजेचा फोटो छापून येतो, म्हणून पैसा आधी तिकडे जातो. आमच्या शेजारच्या एका गावात नवी कोरी डॉग व्हॅन चालकाअभावी वर्षभर आवारात उभी राहिली. लहान गावाला चालक, पकडणारे तीन जण, एक पशुवैद्यक, त्यांचा एक मदतनीस, पिंजऱ्यांची निगा राखणारा एक आणि नोंदी ठेवणारा एक, अशी आठ माणसं लागतात. ही पदं आकृतिबंधात नसतील तर मानधनावर घ्या, पण करार बारा महिन्यांचा करा आणि मुदत संपायच्या तीन महिने आधी मुदतवाढीचा विषय सभेपुढे आणा. 'अतिरिक्त कार्यभार' हे शब्द दिसले की समजा, ते काम कुणाचंच नाही.

पकडणाऱ्यांना कामावर पाठवण्याआधी रेबीजच्या आगाऊ लसीचा पूर्ण क्रम, जाडे हातमोजे, जाळी वापरण्याचं प्रशिक्षण आणि विमा द्या. याचा खर्च किरकोळ आहे. त्यांचं नाव, काम आणि अनुभव कार्यालयात लिहून ठेवा. प्रत्येक पेठेतल्या कुत्र्यांची वही त्यांच्याकडूनच भरून घ्या, म्हणजे माणूस गेला तरी माहिती जाणार नाही.

वेळापत्रक पंचांगावरून ठरवा

सगळा जोर चैत्र ते श्रावण या काळात हवा. भाद्रपदाआधी जितक्या माद्यांची शस्त्रक्रिया होईल, तितकी हिवाळ्यातली पिल्लं कमी आणि पिल्लांच्या राखणीसाठी चावणाऱ्या आयाही कमी. त्यासाठी निविदा आधीच्या दिवाळीत निघायला हवी आणि करार एका आर्थिक वर्षापुरता न ठेवता दोन-तीन वर्षांचा असावा. मुख्याधिकारी बदलतात, सभापती बदलतात, कुत्र्यांचा हंगाम बदलत नाही.

देयकाआधी पुरावा मागा

२००१ चे जुने नियम जाऊन प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये लागू झाले. जबाबदारी स्थानिक संस्थेचीच आहे आणि काम ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यायचं आहे. कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, हाही नियम आहे. म्हणून प्रत्येक कुत्र्याला क्रमांक, पकडल्याची आणि सोडल्याची जागा व तारीख, लसीची नोंद आणि फोटो यांशिवाय सही करू नका. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव जपून ठेवले जातात. देखरेख समितीनं ते स्वतः मोजावेत आणि मगच देयक मंजूर करावं. मी पहिल्यांदा ही मोजणी करायला गेले तेव्हा फॉर्मॅलिनच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, पण मोजणी पुरी करूनच उठले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ मधल्या आदेशानं मात्र शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा आवारांतली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं आहे, तिथे परत सोडायची नाहीत. निवाऱ्यातलं कुत्रं रोज खातं, आजारी पडतं, म्हातारं होतं. त्यामुळे शेड बांधण्याच्या एकरकमी निधीवर समाधान मानू नका. खाणं, औषधं आणि रात्रपाळीचा माणूस यांचा दरसालचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा.

दवाखाना आणि उकिरडा विसरू नका

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून दर महिन्याच्या सभेत दोन आकडे मागा: किती जणांना चावा झाला आणि तालुक्यात सिरमच्या किती कुप्या शिल्लक आहेत. चावा झाल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक शाळेत सांगा. हळद, चुना, मिरची लावणारी घरं अजून आहेत. मटण मार्केटमागचा आणि हॉटेलांमागचा कचरा रोज उचलला जात नसेल तर कुत्र्यांच्या विभागाला कितीही पैसे द्या, ते पुरणार नाहीत.

हे होऊ शकतं का, असं कुणी विचारलं की मी गोव्याचं उदाहरण देते. तिथे २०१३ नंतर सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं मिळून गावोगावी जाळी घेऊन पथकं फिरवली, वर्षामागून वर्ष लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं, पिसाळलेल्या कुत्र्याची खबर घेण्याची सोय केली. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथे पथकं थांबली नाहीत, म्हणून ते झालं.

आमच्या गावात तसा मोठा चमत्कार झाला नाही. पण माझी मुदत संपेपर्यंत विभागाला स्वतःची सहा माणसं मिळाली, आणि करार बारा महिन्यांचा झाला. मामांना मी स्वतः जाऊन परत बोलावलं. ते म्हणाले, "येतो, पण ताई, पोरांना शिकवायला दोन साल द्या." आम्ही दिली. आज त्यांनी तयार केलेली दोन मुलं पहाटे गल्लीच्या तोंडाशी भाकरी घेऊन उकिडवी बसतात.

तुमच्या फेब्रुवारीच्या सभेत ते शीर्ष येईल, रक्कम लहान असेल आणि कुणीतरी ती दुसरीकडे वळवायला सांगेल. त्या वेळी हात वर करा आणि विचारा, "या पैशात माणसं किती आहेत, आणि भाद्रपदात ती कामावर असतील का?"