निघायची वाट आधी बघा

अमरावती-अकोल्याकडे आता बरेच जण लिहायला लागलेत. कुणी कपाशीचं लिहितं, कुणी वऱ्हाडी बोलीचं, कुणी गावच्या जुन्या गोष्टी. 'ब्लॉग कुठे काढू?' असं त्यांच्यातलं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तिथून सगळं लिखाण उचलून नेता येतं का?

वऱ्हाडी म्हणी आणि आमच्या अकोल्याच्या आजीचं बोलणं मी ज्या सेवेवर लिहीत होतो, ती फुकट होती, देखणी होती आणि एक दिवस बंद पडली. तशी सूचना आली होती म्हणे, पण ती गेली जुन्या ऑफिसच्या ई-मेलवर. नोकरी सुटली तेव्हाच तो पत्ताही गेला होता. मला कळलं ते मामांच्या फोनवरून. "काऊन रे बाप्पा, लिवनं सोडलं का? काईच उघडत नाई." मामांना पडद्यावर वाचवत नाही, म्हणून काही लेख त्यांनी कागदावर छापून घेतले होते. परत मिळाले ते तेवढेच.

मोठ्या नावाचीही हमी नसते. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, पोस्टरस २०१३ मध्ये, आणि गुगलचंच ऑर्कुट २०१४ मध्ये. लिखाण हरवणं काही आजचं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्याचं नातं आहे, त्या लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत हरवली आणि शिष्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असं सांगतात. आपले लेख पाठ करून ठेवणारे शिष्य कुठून आणायचे?

नवख्याला मी ब्लॉगर सुचवतो. ते १९९९ पासून चालू आहे, २००३ मध्ये गुगलने घेतलं. खर्च नाही, आणि पुढे स्वतःचं डोमेन घेतलं तर ते जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत. वर्डप्रेसची मांडणी जास्त छान, पण तिथे दोन नावांत लोक हमखास गोंधळतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे. फुकटच्या योजनेत तुमच्या लेखासोबत त्यांच्या जाहिराती दिसतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर. तेही फुकटच, पण होस्टिंगचं भाडं, अपडेट, बॅकअप सगळं आपल्या माथी. लिहिण्याची सवय लागायच्या आधी त्या भानगडीत पडू नये. फेसबुकवर वाचक लगेच मिळतात, खरं आहे. पण तिथला दोन वर्षांपूर्वीचा लेख शोधून दाखवा बरं!

ब्लॉगर आणि वर्डप्रेस, दोन्हीकडून सगळे लेख एका फाईलमध्ये उतरवून घेता येतात. पाच-दहा लेख झाले की एकदा उतरवून पाहाच. वर्डप्रेसच्या त्या फाईलमध्ये फोटो येत नाहीत, त्यांचे फक्त पत्ते येतात. फोटो वेगळे जपा.

डीटीपीच्या दुकानातून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर तसाच चिकटवला, तर वाचकाला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग डोळ्यांखालून घाला. 'वऱ्हाड'मधला अर्धा र बऱ्याचदा तिथेच बिघडतो.

डोमेन घ्याल तेव्हा ते स्वतःच्या नावावर घ्या, वेबसाइट बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. पहिल्या वर्षीचा स्वस्त भाव पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. आणि त्याची सूचना ज्या ई-मेलवर येईल तो पत्ता तुमचा स्वतःचा असू द्या, ऑफिसचा नको.