मुलाची पहिली सायकल : मापनाचा एक पाठ

लांबी मोजण्याचा पाठ आपल्या शाळांत बहुधा फळ्याच्या कडेपासून सुरू होतो आणि बाकाच्या कडेशी संपतो. मुले पट्टी लावतात, आकडा सांगतात, वहीत लिहितात. परंतु त्या आकड्यावर घरातील एखादी गोष्ट अवलंबून आहे, असा अनुभव त्यांना क्वचितच येतो. मुलाची पहिली सायकल ही अशी एक गोष्ट आहे. सोयाबीनचे वा कापसाचे पैसे हाती आले म्हणजे अनेक घरांत सायकलीचा विषय निघतो आणि पालक शाळेत येऊन विचारतात, "गुरुजी, किती इंची घ्यावी?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास देता आले पाहिजे, किंबहुना ते वर्गातील मुलांकडूनच मोजून काढवून घेता आले पाहिजे.

प्रथम इंच कोणता, हे पाहावे लागते. आजोबांच्या काळ्या सायकलीला आपण 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' म्हणतो. तो आकडा चाकाचा नव्हे. सीटखालील उभ्या नळीचा, म्हणजे सांगाड्याचा आहे. त्या सायकलीचे चाक सामान्यतः २८ इंची असते. मुलांच्या सायकलींवरील १२, १४, १६, २०, २४ हे आकडे मात्र चाकाचे, म्हणजे टायरसह बाहेरच्या व्यासाचे असतात. ज्या वडिलांनी जन्मभर बावीस इंची सायकल चालविली, ते 'वीस इंची' ऐकून आपल्या सायकलीहून दोनच बोटे लहान सायकल डोळ्यांपुढे आणतात. एकाच शब्दाने दोन निराळी मापे सांगितली जातात, त्यातून हा घोटाळा होतो.

त्यात अलीकडे तिसऱ्या मापाची भर पडली आहे. मुले हल्ली 'बीएमएक्स' सायकल मागतात. हे 'बायसिकल मोटोक्रॉस' या नावाचे लघुरूप होय. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले १९७० च्या सुमारास मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतींचे अनुकरण आपल्या लहान चाकांच्या सायकलींवर करू लागली. त्यातून हा खेळ वाढला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यतीचा समावेश झाला, आणि २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच सायकलीवरील कसरतींचाही. या खेळात सहा फूट उंचीचा पुरुषही बहुधा २० इंची चाकाचीच सायकल चालवितो. यास्तव तेथे चाकाचा आकडा कोणाचेच माप सांगत नाही. माप सांगते ती सीटपासून हँडलपर्यंतची वरची आडवी नळी. प्रौढासाठी ती २० ते २१ इंच असते, तर सव्वाशे सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी साधारण १६ ते १८ इंच पुरते. आपल्याकडील दुकानांत जाड टायरच्या, उंच हँडलच्या मुलांच्या साध्या सायकलीलाही पुष्कळदा हेच नाव देतात. म्हणून नावावर न जाता ती नळी टेपने मोजावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खरी बीएमएक्स ही खेळाची सायकल आहे. तीवरील खेळाडू बहुतेक वेळ उभा असतो. म्हणून तिची सीट मुद्दामच खाली ठेवलेली असते व फारशी वर येत नाही. मडगार्ड, कॅरिअर, घंटी, दिवा यांपैकी काही नसते, आणि कसरतीच्या पुष्कळशा सायकलींना एकच ब्रेक असतो. चाकाच्या दांड्याला बाहेर आलेले लोखंडी खुंट कसरतीसाठी असतात. त्यांवर धाकट्या भावाला उभे करून रस्त्याने जाणे धोक्याचे आहे. शाळेच्या मैदानावर किंवा मळणी उरकल्यावरच्या खळ्यावर मुलाने ती जरूर खेळवावी. पण रोज तीन-चार किलोमीटर दप्तर घेऊन यायचे असेल, तर गुडघे दुमडून बसावे लागणारी ही सायकल त्या कामाची नाही. एकच सायकल घेणे ज्या घराला शक्य आहे, त्या घराने साधी घ्यावी, असे माझे मत आहे.

आता मुलाचे माप. वयावरून सायकल ठरविणे हा मोठा दोष होय. एकाच तिसरीच्या वर्गात ११२ सेंटिमीटर उंचीचे मूल असते, तसेच १३४ सेंटिमीटर उंचीचेही असते. उंची हे वयापेक्षा बरे माप. परंतु खरे माप पायाच्या आतल्या बाजूचे. मुलास अनवाणी, भिंतीला टाचा व पाठ टेकवून उभे करावे. दोन्ही पायांमध्ये एक पुठ्ठ्याचे पुस्तक, त्याची एक कड भिंतीला चिकटवून, जांघेत अलगद टेकेपर्यंत वर सरकवावे. पुस्तक आडवे सपाट राहिले पाहिजे. त्याच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खडूची खूण करावी आणि जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मुलींचे माप मुलींनीच, बाईंच्या देखरेखीखाली घ्यावे. प्रत्येक माप दोन वेळा घेऊन ते जुळते का, हे पाहावयास लावावे. मोजमापात चूक कशी शिरते, हे मुलांना येथे न सांगता कळते.

हे आतले माप सुमारे ३५ ते ४२ सेंटिमीटर असल्यास १२ इंची चाक, ४५ ते ५५ असल्यास १६ इंची, ५५ ते ६५ असल्यास २० इंची, आणि त्यापुढे २४ इंची, असा स्थूल अंदाज आहे. १४ इंची पहिल्या दोहोंच्या मध्ये बसते. निरनिराळ्या कारखान्यांच्या सायकलींत सांगाड्याचा फरक असतो. म्हणून या अंदाजावर थांबू नये. दुकानात जाताना मुलाचे माप सेंटिमीटरमध्ये लिहिलेला कागद व टेप बरोबर न्यावा आणि एकच गोष्ट तपासावी : सीट सर्वांत खाली आणली असता जमिनीपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मुलाच्या आतल्या मापाएवढी किंवा त्याहून किंचित कमी आहे काय? तेवढी असेल, तर शिकाऊ मुलाची दोन्ही पावले जमिनीला सपाट टेकतात. तोल गेला की पाय खाली येतो, आणि पाय खाली येतो हे ठाऊक असल्यामुळे मूल भीत नाही. दांडी दोन्ही पायांत घेऊन उभे राहिल्यास तिच्या वर दोन-तीन बोटे जागा मोकळी राहावी, हेही पाहावे.

यावर पालकांचा नेहमीचा आक्षेप असतो : "वाढत्या अंगाचे मूल आहे, आणखी दोन वर्षांनी दुसरी कोठून आणू?" हा आक्षेप क्षुल्लक मानू नये. कष्टाच्या पैशाचा तो प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर मोठ्या चाकात नाही, सीटच्या दांडीत आहे. सहा ते दहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. त्यातील सुमारे निम्मी वाढ पायांत होते, म्हणजे वर्षाला अडीच ते तीन सेंटिमीटर. शिवाय मूल तरबेज झाले, की टाचा न टेकता केवळ चवडे टेकले तरी चालते. म्हणजे सीट आणखी चार-पाच सेंटिमीटर चढविता येते. सीटची दांडी ८ सेंटिमीटर वर येत असेल, तर बेतशीर घेतलेली सायकल दोन ते तीन वर्षे सहज पुरते. हे गणित पालकसभेत फळ्यावर मांडावे. दांडीवर कोरलेली मर्यादेची खूण मात्र नळीच्या बाहेर दिसता कामा नये. तिच्यापलीकडे ओढलेली दांडी वाकते वा निसटते.

एका शाळेच्या भेटीत तिसरीतील एका मुलाचा हात गळ्यात बांधलेला दिसला. वडिलांनी त्याला नवी २४ इंची सायकल आणून दिली होती. मोठीच घेतलेली बरी, असा दुकानातला सल्ला होता. मुलाचे वजन वीस किलो, सायकलीचे पंधराच्या आसपास. उतारावर ब्रेकपर्यंत बोटे पोचली नाहीत आणि पाय जमिनीला लागला नाही. मनगटाचे हाड महिन्या-दीड महिन्यात जुळले. पण पुढच्या भेटीत चौकशी केली, तेव्हा सायकल ओसरीवर टांगलेली होती आणि मुलगा तिला हात लावावयास तयार नव्हता. पैसे वाचविण्यासाठी घेतलेली मोठी सायकल अशी सर्वांत महाग पडते. आपल्या पिढीने दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारीत मोठ्या सायकली चालविल्या हे खरे. परंतु त्या काळी गावच्या रस्त्यावर मालमोटारी व दुचाक्या आजच्याएवढ्या नव्हत्या.

या प्रसंगातील ब्रेकची गोष्ट वेगळी सांगावयास हवी, कारण सीट जुळली तरी हात जुळेलच असे नाही. मुलाने मूठ न सोडता दोन बोटांनी ब्रेकची दांडी ओढावी व चाक जागच्या जागी थांबावे. दांडी दूर असेल, तर बहुतेक ब्रेकना ती जवळ आणण्याचा लहान स्क्रू असतो. मिस्त्रीकडून तो फिरवून घ्यावा. हँडल पूर्ण वळविले असता ते गुडघ्याला लागते का, हेही बसवूनच पाहावे. मुलीसाठी सायकल घेताना साखळीवर पूर्ण झाकण आहे काय, हे जरूर पाहावे. ओढणी वा सलवार साखळीत गेल्याने होणारे अपघात टाळता येतात. आणि भावाची सायकल लहान झाली म्हणजे ती बहिणीच्या मापाची झालीच, असे काही घरांत गृहीत धरतात. तिचेही माप घ्यावे.

शिकविताना मागे जोडलेल्या दोन लहान चाकांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांवर मूल पायडल मारावयास शिकते. तोल सावरावयास शिकत नाही. त्यापेक्षा दोन्ही पायडल काढून ठेवावेत, सीट खाली घ्यावी आणि मुलास पायांनी जमीन रेटीत चालवू द्यावे. जर्मनीत कार्ल द्राइस यांनी १८१७ मध्ये चालविलेले दुचाकी यंत्र असेच बिनपायडलचे होते. पायडल त्यानंतर काही दशकांनी आले. मूल दोन्ही पाय उचलून दहा-पंधरा पावलांचे अंतर घरंगळत जाऊ लागले, की पायडल बसवावेत. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे पाना लावणाऱ्याने ध्यानात ठेवावे. नाहीतर काढण्याऐवजी तो अधिकच आवळला जातो.

वरच्या वर्गांत याच सायकलीवर परिघाचा पाठ घेता येतो. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून चाक एक फेरा फिरवावे व अंतर मोजावे. २० इंची चाकाचा व्यास ५०.८ सेंटिमीटर, त्याला २२/७ ने गुणल्यास सुमारे १६० सेंटिमीटर येतात. प्रत्यक्ष मापात थोडा फरक पडेल, कारण बसल्यावर टायर दबतो. तो फरक का पडला, हे मुलांनाच शोधू द्यावे. मग पुढच्या व मागच्या चक्राचे दाते मोजवून घ्यावेत. पुढे ३६ व मागे १८ असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते व सायकल ३ मीटर २० सेंटिमीटर पुढे जाते. वाडीपासून शाळा दोन किलोमीटर असेल, तर मुलाला ६२५ फेरे मारावे लागतात. मोठ्या सायकलीला हेच फेरे कमी लागतात. परंतु प्रत्येक फेऱ्याला जोर अधिक लावावा लागतो.

आरोग्यपत्रकासाठी जूनमध्ये उंची व वजन घेतलेच जाते. त्याच वेळी पायाचे आतले माप घेऊन वर्गाच्या वहीत एक जादा रकाना भरावा, व दिवाळीच्या सुटीपूर्वी ते पुन्हा घ्यावे, कारण सायकलींची खरेदी बहुधा त्याच सुमारास होते. ज्या मुलाच्या घरी सायकल आधीच आहे, त्याच्या सीटची उंचीही त्याच रकान्यापुढे लिहावी. दोन आकड्यांत मोठे अंतर दिसले, तर पाना घेऊन सीट त्याच दिवशी शाळेच्या अंगणात खाली-वर करून देता येते.