दिव्यांग विद्यार्थ्यांची साधने व ती बसविणारा तज्ज्ञ

इयत्ता तिसरीच्या वर्गात श्रुतलेखन चालू आहे, असे समजावे. गुरुजी 'साठ' म्हणतात आणि मागच्या बाकावरील मुलगी वहीत 'आठ' लिहिते. 'सात' म्हटले की ती कधी 'हात' लिहिते, कधी शेजारणीच्या वहीकडे पाहते. हाक मारली तर ती वळते, आभाळ गडगडले तर दचकते. म्हणून तिच्या ऐकण्यात काही उणे असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. आई शाळेत येते तेव्हा सांगते, "गुरुजी, तिले ऐकू येस, पण ध्यान देत नही." गुरुजींनाही तसेच वाटत असते आणि टिपणवहीत 'लक्ष नाही' एवढाच शेरा पडतो.

वस्तुस्थिती निराळी असू शकते. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले व जोरकस असतात. स, श, ठ, थ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती वरच्या पट्टीतील क्षीण ध्वनीवरून. ज्या मुलाची श्रवणशक्ती केवळ वरच्या पट्टीत कमी झाली आहे, त्याला आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाही. 'साठ'मधील 'सा' त्याच्यापर्यंत पोहोचताना 'आ' होऊन पोहोचतो. असे मूल आळशी नसते वा मंदबुद्धीचेही नसते; ते दिवसभर अर्धेमुर्धे ऐकून उरलेले अंदाजाने भरून काढीत असते आणि दुपारपर्यंत थकून जाते.

शिक्षकाने हे ओळखले म्हणजे अर्धे काम झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. खरी अडचण पुढेच उभी राहते. मुलीस न्यावयाचे कोणाकडे? गावात सल्ला देणारे पुष्कळ असतात. कोणी तालुक्याच्या बाजारातील दुकानाचे नाव सांगतो, कोणी जाहिरात पाहून यंत्र टपालाने मागवितो, तर कोणी आजोबांच्या पश्चात पेटीत पडून असलेले श्रवणयंत्र नातीच्या कानात घालतो. यांत कोणाचाही हेतू वाईट नसतो. तथापि सरसकट सर्व ध्वनी मोठे करणाऱ्या यंत्राने मुलीस जे आधीच नीट ऐकू येत होते तेच अधिक कर्कश होते, आणि जे ऐकू येत नव्हते ते बहुधा तसेच राहते. आवाज फार वाढविल्यास उरलेल्या श्रवणशक्तीसही धोका संभवतो. मुलगी यंत्र काढून ठेवते, आईबाप म्हणतात 'पोरीला ते सोसत नाही', आणि पुन्हा कोणी तज्ज्ञाचे नाव काढले तर घरातून नकार येतो. चुकीच्या माणसाकडून घेतलेले साधन पैसे तर बुडवितेच, शिवाय योग्य साधनाची वाटही बंद करते.

तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण?

अमेरिकेत सर्व प्रकारच्या सहाय्यक साधनांची जाण असलेल्या व्यावसायिकांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी 'रेस्ना' नावाची संस्था आहे. आपल्याकडे असा एकच एक व्यवसाय रूढ नाही. कानाचा तज्ज्ञ वेगळा, पायाच्या साधनाचा वेगळा, ब्रेल शिकविणारा वेगळा. म्हणून 'साधनतज्ज्ञ' अशी पाटी दिसली तर, कोणत्या साधनाचा व कोणत्या शिक्षणाच्या बळावर, हा प्रश्न प्रथम विचारावा.

या प्रश्नाचे उत्तर तपासण्याची सोय कायद्याने केलेली आहे. संसदेने १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम संमत केला व १९९३ पासून तो अमलात आला. या परिषदेकडे केंद्रीय पुनर्वास नोंदपट आहे. श्रवणतज्ज्ञ व वाचातज्ज्ञ, श्रवणयंत्र व कर्णसाचा तंत्रज्ञ, कृत्रिम अवयव व कॅलिपर तयार करणारे तज्ज्ञ, अंधांना काठीच्या साह्याने चालण्यास शिकविणारे प्रशिक्षक, चिकित्सक मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची त्यात नोंद होते. नोंद नसलेल्या व्यक्तीस हा व्यवसाय करता येत नाही. तसे केल्यास कलम १३ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटेल; पण शिक्षकाचा संबंध शिक्षेशी नसून नोंदीशी आहे. तज्ज्ञाचे नाव वा नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येतो. नोंदणीचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, म्हणून क्रमांकाबरोबर मुदतही पाहावी.

आपल्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडेही हाच क्रमांक असतो. तो कसा दिसतो व कसा तपासावा हे त्यांच्याकडून एकदा समजून घेतल्यास संकोच राहणार नाही. मात्र विशेष शिक्षक हा अध्यापनाचा तज्ज्ञ होय. यंत्र जुळवून देणे हे त्याचे काम नव्हे, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. भौतिकोपचार व व्यवसायोपचार करणाऱ्यांची नोंद या पटात नसते; त्यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. डॉक्टरांची नोंद वैद्यक परिषदेत असते. त्यामुळे एखाद्या भौतिकोपचार तज्ज्ञाचे नाव पुनर्वास परिषदेच्या पटात सापडले नाही म्हणून त्याला अपात्र ठरवू नये.

पदव्यांविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. श्रवण व वाचा या विषयाची पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांची असते. याच क्षेत्रात एक वर्षाची पदविकाही आहे. पदविकाधारक हा उपयुक्त साहाय्यक आहे, पण मूळ तपासणी व यंत्राची निवड पदवीधर श्रवणतज्ज्ञानेच करावी. यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीस आठवडाभराचे प्रशिक्षण मिळालेले असू शकते. त्याचे प्रमाणपत्र काचेत बसवून भिंतीवर लावले असले तरी ती पदवी ठरत नाही.

शिंदखेड्याहून कोठे जावे

कानाच्या तक्रारीत पहिली पायरी यंत्राची नाही, डॉक्टरांची आहे. खेड्यातील मुलांचे कान वाहणे ही नित्याची गोष्ट असल्याने घरचे लोक तिकडे दुर्लक्ष करतात. पण वाहत्या कानात साचा बसविता येत नाही, आणि कित्येकदा उपचारानेच ऐकणे सुधारते. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथील कान-नाक-घसा विभागात प्रथम दाखवावे. तेथून श्रवणचाचणी कोठे करावयाची याची लेखी चिठ्ठी मागावी. अवघड वाटणाऱ्या मुलांसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाचा व श्रवण या विषयांतील ही देशाची मध्यवर्ती संस्था होय. हातापायांच्या दोषांसाठी हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे. मुंबईचा खर्च व पालकांची बुडणारी मजुरी ध्यानी घेता प्रत्येक मुलास तेथे पाठविणे शक्य नाही. तरी धुळ्यात निदान स्पष्ट न झाल्यास मुंबई टाळून बाजारातील दुकान जवळ करू नये.

समग्र शिक्षा योजनेखाली तालुक्याच्या ठिकाणी मोजमाप शिबिरे भरतात आणि कानपूरच्या कृत्रिम अंग निर्माण निगमाची, म्हणजे ज्यास सर्व जण 'अलिम्को' म्हणून ओळखतात त्या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संस्थेची, साधने विनामूल्य मिळतात. शिबिराचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु मोजमापाचा दिवस व वाटपाचा दिवस यांत अंतर पडते आणि मूल वाढत असते, हे शिक्षकानेच ध्यानात ठेवले पाहिजे. वाटपाच्या दिवशी छायाचित्रे निघून गेल्यावर साधन अंगावर घालून पाहण्याचा आग्रह धरावा. त्या वेळी गर्दी असते, उशीर झालेला असतो, पालकांना परतीची एस. टी. गाठावयाची असते, तरीही धरावा.

तज्ज्ञाची पारख

पालक तज्ज्ञासमोर बहुधा गप्प बसतात. म्हणून शक्य असेल तेव्हा शिक्षकाने सोबत जावे, नाहीतर प्रश्न कागदावर लिहून द्यावेत. चांगला श्रवणतज्ज्ञ यंत्राची किंमत सांगण्यापूर्वी शांत खोलीत दोन्ही कानांची, निरनिराळ्या पट्ट्यांत वेगवेगळी चाचणी घेतो आणि तिचा आलेख पालकांच्या हाती देतो. आलेख न देणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये. फार लहान किंवा प्रतिसाद न देणाऱ्या मुलासाठी 'बेरा' नावाची, झोपेत घेता येणारी चाचणी असते. यंत्र निवडताना तो ते मुलाच्या कानावर लावून, त्याला बोलते करून पाहतो. शक्य तर एकाहून अधिक यंत्रे लावून पाहतो. कानात मऊ द्रव्य भरून साचा घेतो. साचा सैल झाल्यास यंत्र शिटी वाजविते, आणि मुलाचा कान वाढतो म्हणून साचा वेळोवेळी बदलावा लागतो, हे तो आपण होऊन सांगतो. 'पुन्हा केव्हा यावे?' या प्रश्नाला त्याच्याकडे तारीख असते. 'काही अडचण आली तर या' एवढेच सांगणारा मनुष्य विक्रेता समजावा. बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करील व तोवर मुलाने काय करावे, हेही विचारून घ्यावे.

पायाच्या कॅलिपरबाबत पारख अधिक सोपी आहे, कारण दोष डोळ्यांना दिसतो. कॅलिपरचा गुडघ्याजवळचा सांधा मुलाच्या गुडघ्याच्या समोर नसेल तर ते साधन त्याच्यासाठी घडविलेले नाही. साधन काढल्यावर कातडीवर उमटलेली लाली अर्ध्या तासातही गेली नाही तर ते कोठेतरी रुतते आहे. जखम होण्याची वाट न पाहता ते परत न्यावे. तज्ज्ञाने मुलास चालवून पाहिले काय, पायऱ्या चढवून पाहिले काय, आणि शाळेत व घरी जमिनीवर बसावे लागते याचा विचार केला काय, हे पाहावे. आपल्या गुडघ्यावर बसणाऱ्या, अनवाणी व चिखलात चालणाऱ्या लोकांचा विचार करूनच १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सुप्रसिद्ध जयपूर पाय घडविला. जो तज्ज्ञ मुलाच्या घराची वाट, उंबरा व शौचालय यांविषयी एकही प्रश्न विचारीत नाही, त्याने पायाचे माप घेतले असेल, मुलाचे नव्हे.

चाकाच्या खुर्चीसही हेच लागू आहे. मोठ्या माणसाच्या मापाची खुर्ची लहान मुलास दिली तर तो एका बाजूस कलतो आणि पाठीस बाक येतो. अंधुक दिसणाऱ्या मुलास भिंग देण्याआधी नेत्रतज्ज्ञाची तपासणी झालेली असावी. साध्या चष्म्याने भागणाऱ्या मुलास अंध म्हणून नोंदविल्याची चूक एकदा झाली की ती कागदोपत्री वर्षानुवर्षे चालते.

दाखला नाही म्हणून

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यामधील कलम १७ नुसार चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व योग्य साधने विनामूल्य मिळावयाची आहेत. पण याच कायद्यात 'कमी ऐकू येणारा' याची व्याख्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणदोष अशी आहे. आरंभी वर्णिलेल्या मुलीचा दोष ४५ डेसिबल भरला तर तिला दाखला बहुधा मिळणार नाही. परंतु पंख्याच्या आवाजात, चाळीस मुलांच्या वर्गात, पाठमोऱ्या शिक्षकाचे बोलणे तिला समजणारही नाही. अशा मुलांना दाखला नाही म्हणून यादीतून वगळले जाते. त्यांना श्रवणतज्ज्ञाच्या अहवालाची गरज इतरांहून अधिक आहे, कारण त्यांच्याजवळ दुसरा कोणताच कागद नसतो. अहवाल हाती असल्यास शिक्षक तिला पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवू शकतो, म्हणजे शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळू शकतो. आणि श्रुतलेखनात तिचे गुण कापण्यापूर्वी शब्द पुन्हा उच्चारू शकतो.

यंत्र आल्यानंतर

यंत्र मिळाले की रोज सकाळी परिपाठापूर्वी दोन मिनिटांची एक तपासणी करावी. डॅनिएल लिंग या तज्ज्ञाने ती सुचविलेली आहे. शिक्षकाने मुलीच्या मागे उभे राहून, किंवा तोंड वहीने झाकून, आ, ऊ, ई, म्म, श्श, स्स हे सहा ध्वनी क्रम बदलून नेहमीच्या आवाजात उच्चारावेत, आणि मुलीने ऐकू येताच तो ध्वनी म्हणून दाखवावा. हे सहा ध्वनी बोलीतील खालच्यापासून वरच्या पट्टीपर्यंतचा पल्ला व्यापतात. एरवी ऐकणाऱ्या मुलीने आज काहीच म्हटले नाही, तर बॅटरी संपलेली असेल किंवा साच्याच्या छिद्रात मळ अडकला असेल. यंत्र बंद मुठीत धरले असता शिटी वाजली तर ते चालू आहे असे समजावे. खानदेशच्या उन्हाळ्यात घाम व धूळ यांमुळे यंत्र लवकर बिघडते, म्हणून रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवण्यास आईला सांगावे.

स्स व श्श सातत्याने चुकत असतील तर यंत्र बंद नाही, त्याची जुळणी चुकली आहे. ती जुळणी तज्ज्ञाखेरीज कोणीही बदलू नये. शिक्षकाने तारीख, कान व चुकलेला ध्वनी एवढे तीन रकाने असलेला कागद वहीत ठेवावा आणि पुढील भेटीच्या वेळी तो पालकांबरोबर पाठवावा. योग्य तज्ज्ञ तो कागद आधी वाचतो व मगच यंत्रास हात लावतो.