उत्तम यंत्राचे गुण आणि आजचा प्रोग्राम

आपल्या न्यासाच्या कुटुंबांतून इंदुरास किंवा पुण्यास जाऊन संगणकाचे शिक्षण घेणारी मुलेमुली आता थोडीथोडकी नाहीत. कोणती संगणकभाषा शिकावी हे ती मला नेहमी विचारतात. प्रोग्राम चांगला कशाने होतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. या दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर धार गावाच्याच पदरी आहे, म्हणून हा लेखनाचा खटाटोप.

अकराव्या शतकात धारेस राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुविद्येचा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो १९२४-२५ साली छापून निघाला. त्याचा एकतिसावा अध्याय यंत्रांविषयी असून त्यात चांगल्या यंत्राचे वीसेक गुण सांगितले आहेत. आता यंत्र लाकडालोखंडाचे आणि प्रोग्राम नुसत्या अक्षरांचा, हे खरे. तरी दोन्ही एका माणसाने दुसऱ्याच्या कामासाठी रचलेली साधने होत, आणि त्यांचे दोषही एकाच जातीचे असतात.

यंत्रात सैलपणा नसावा, तसा ताठरपणाही नसावा, असे तेथे म्हटले आहे. शाळेच्या निकालपत्रकाचा प्रोग्राम घ्या. १०० पैकी १३४ गुण लिहिले तरी जो ते मुकाट्याने स्वीकारतो आणि वर टक्केवारीही काढून देतो, तो सैल. ताठरपणाचे उदाहरण याहून दुःखाचे आहे. आमच्या एका विद्यार्थिनीस शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावयाचा होता. आपल्याकडे कित्येक मुलींना आडनाव नसते. एकच नाव, तेच दाखल्यावर आणि तेच आधार कार्डावर. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकेना. तेथे वडिलांचे नाव घातले तर ते कागदपत्रांशी जुळेना. मुदत टळली आणि मुलीची त्या वर्षाची रक्कम गेली. अर्ज रचणाराच्या मनात दुष्टावा खास नसावा. जगात प्रत्येकास आडनाव असते असे त्याने गृहीत धरले, आणि ज्यांच्यासाठी अर्ज रचला त्यांपैकी चौघांस विचारण्याची तसदी घेतली नाही, एवढेच.

दुसरा गुण मला त्याहूनही मार्मिक वाटतो. नको तेथे यंत्राने आवाज करू नये, आणि आवाज करणे हेच जेथे काम आहे तेथे तो मोठा करावा. सर्व सुरळीत चालले असता जो प्रोग्राम पावलोपावली ‘खात्री आहे का?’ म्हणून विचारतो, त्याला लोक न वाचताच ‘होय’ म्हणू लागतात. मग खऱ्या धोक्याची सूचनाही त्याच हाताने पुसली जाते. पण चूक गिळून गप्प बसणारा प्रोग्राम याहून घातक. यादीत मुले ३१२, उतरली ३११, आणि पडद्यावर ‘काम पूर्ण’! कोणती ओळ सुटली, कोणाचे नाव राहिले आणि का राहिले, हे त्याने तेथल्या तेथे ओरडून सांगावयास हवे होते.

हवे तेव्हा चालू व्हावे, नको तेव्हा थांबावे, हलके असावे, टिकाऊ असावे, या गुणांवर वेगळे भाष्य नको.

या यादीबाहेरचे एक तत्त्व देवासकडून घेता येईल. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंच्या वंशजांची, थोरल्या व धाकट्या पातीची, दोन संस्थाने १९४८ पर्यंत त्या एकाच गावात नांदत होती. गाव एक, दरबार दोन, कारभार दोन. माणसे असला संसार सांभाळून नेतात. प्रोग्रामला ते जमत नाही. विद्यार्थ्याची जन्मतारीख प्रवेशाच्या यादीत एकदा आणि परीक्षेच्या यादीत पुन्हा लिहिली, की केव्हातरी एक दुरुस्त होते व दुसरी तशीच राहते. मग खरी कोणती? म्हणून एक माहिती एकाच ठिकाणी लिहावी आणि लागेल त्याने ती तेथूनच वाचावी.

एका बाबतीत मात्र मी धारेच्या ग्रंथाची बाजू घेणार नाही. यंत्रांची घडण आपण सविस्तर सांगत नाही, ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असे ग्रंथकाराने म्हटले आहे. त्यामुळे पाऱ्याच्या जोरावर उडणाऱ्या त्याच्या लाकडी पक्ष्याविषयी आज वाद घालता येतो, तो घडविता येत नाही. उलट १२०६ साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल्-जझरी याने सुमारे ५० यंत्रांचे भाग, मापे आणि जोडणी आकृत्यांसह लिहून ठेवली. त्याचे एक भव्य पाणघड्याळ १९७६ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये पुन्हा उभे राहिले!

प्रोग्रामचा कर्ताही एक दिवस निघून जातोच. माझ्या पाहण्यातील एका संस्थेत फीच्या हिशेबाचा प्रोग्राम एका हुशार तरुणाने लिहिला. त्यात रकमांची नावे ‘अ१’, ‘अ२’, ‘अ३’. तो नोकरीस परगावी गेला. फीचे नियम बदलले. तेव्हापासून कारकून संगणकाने काढलेली बेरीज रोज वहीत हाताने दुरुस्त करतो. ‘अ२’ ऐवजी ‘थकबाकी’ लिहावयास किती वेळ लागला असता? प्रोग्राम हा मुख्यतः माणसाने वाचण्यासाठी लिहावा, असे डोनाल्ड नूथ या अमेरिकन पंडिताने १९८४ साली आग्रहाने मांडले, ते याचसाठी.

आमच्या नववीच्या मुलांनी ग्रंथालयाच्या देवघेवीचा एक लहानसा प्रोग्राम लिहिला आहे. जूनमध्ये तो खालच्या वर्गाच्या हाती द्यावयाचा आहे. नव्या मुलांना जी ओळ कळणार नाही तिच्यापुढे ती पेन्सिलीने फुली मारतील, आणि लिहिणाराने ती ओळ पुन्हा लिहून द्यावयाची, असे ठरले आहे.