वय ८२, आतड्याचा कर्करोग : ऑपरेशन करावं का?

प्रश्न : आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. नातेवाईक म्हणतात, या वयात चिरफाड कशाला?

उत्तर : जन्मतारखेपेक्षा आईंची ताकद पाहा. त्या स्वतः चालतात का, वजन घटलंय का, स्मरणशक्ती, हृदय, मूत्रपिंडं कशी आहेत, यावरून धोका अधिक नेमका कळतो. ‘चिरफाड नको’ म्हणण्यामागची माया समजते. पण गाठ तशीच ठेवली तर रक्तस्राव होऊ शकतो, आतडं बंद पडू शकतं, आणि मग अपरात्री करावं लागणारं तातडीचं ऑपरेशन ठरवून केलेल्यापेक्षा कितीतरी धोक्याचं असतं. आतडं तुंबलेलं नसेल, तर ऑपरेशनआधीचे दोन-तीन आठवडे प्रथिनयुक्त आहार, चालणं आणि श्वासाचे व्यायाम यांना देता येतात. त्या अंथरुणाला खिळलेल्या असतील, तर मात्र केवळ त्रास कमी करणारे उपचारही रास्तच. आणि हो, खुद्द आईंना विचारलंत का?